चिखलातली सायकल : वाचकांचे प्रश्न

जुलै लागला की या सदराच्या टपालात एकच विषय, चिखल. रविवारची नेहमीची वाट, वर्षभर डोळे झाकून जिच्यावर सायकल घातली ती, आणि दोन पाऊस झाले की तीच वाट ओळखू येत नाही, चाक रुततं, ब्रेक लागत नाही, घरी आल्यावर सायकल धुवायला दोन तास. यावेळचे प्रश्न वेगवेगळ्या गावांतून आलेत पण मला त्यातल्या बहुतेकांना एकच गोष्ट सांगायचीये, की पाऊस किती पडला ते नंतर बघा, आधी आपल्या चाकाखाली माती कुठली आहे ते बघा.

प्रश्न : आम्ही चार मित्र दर रविवारी वेताळ टेकडीवर सायकल नेतो, एआरएआयच्या बाजूने वर, खाणीला वळसा आणि पाषाणच्या अंगाने खाली. शनिवारी रात्री पाऊस झाला की सकाळी ग्रुपवर वाद ठरलेला, दोघं म्हणतात जाऊया, दोघं म्हणतात घसरून पडू. ठरवायचं कसं? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : पाऊस झाला म्हणून वेताळ टेकडी लगेच बंद होत नाही, हे आधी सांगतो. टेकडीचा मूळ दगड बेसॉल्ट, आपला काळा पाषाण, आणि त्याच्यावर बहुतेक ठिकाणी पातळ मुरमाचा थर. मुरूम म्हणजे झिजलेला, कुजलेला दगडच, त्यात खडे आणि जाड कण जास्त, त्यामुळे पाणी मुरतं नाहीतर वाहून जातं, साचून राहत नाही. पुण्याची रात्रभरची रिमझिम असेल तर सकाळी अशी मुरमाची वाट चक्क छान लागते, धूळ बसलेली असते आणि टायर उन्हाळ्यापेक्षा जास्त धरतो. उन्हाळ्यातल्या सुट्ट्या खड्यांवर वळताना जी धाकधूक असते ती पावसात नसते, म्हणून मला स्वतःला मुरमाची वाट जुलैतच जास्त आवडते.

घोळ होतो तो तीन ठिकाणी. एक म्हणजे खळगे, जिथे वरची बारीक माती वाहून येऊन साठते, तिथे तुम्ही मुरमावर आहात असं समजून वेगात येता आणि पुढचं चाक एकदम बसतं. दुसरं, गिरीपुष्पाच्या झाडीखालची वाट, तिथे ऊन पोचत नाही, पालापाचोळा कुजलेला असतो, खालची माती दोन-दोन दिवस ओली राहते. आणि तिसरं, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ते उघड्या कातळावरचं शेवाळ. जूनमध्ये हा कातळ ओला असला तरी बऱ्यापैकी धरतो, जुलैच्या मध्यापासून सावलीतल्या कातळावर हिरवट काळी साय येते आणि त्याच्यावर कुठलाच टायर धरत नाही, महागातला पण नाही. तिथे एकच उपाय, आधीच वेग कमी करायचा, कातळावर असताना ब्रेकही दाबायचा नाही आणि हँडलही वळवायचं नाही, सरळ पार व्हायचं, आणि उतार असेल तर उतरून चालायचं. चालण्यात काही कमीपणा नाही, कॉलरबोन मोडून सहा आठवडे घरी बसण्यापेक्षा वीस पावलं चाललेलं बरं.

ठरवायचं कसं, तर ग्रुपवर नाही, टेकडीच्या पायथ्याशी. वाटेवरची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि बोटाने टिचकी मारा. गोळा फुटला की जा. नुसता चेपला, हाताला चिकटला, बोटांत तार ओढली गेली, तर परत फिरा. तरी वर गेलात तर दहा मिनिटांनी मागे वळून स्वतःचा माग बघा, टायरची नक्षी नुसती उमटली असेल तर ठीक, पण बोटभर खोल चर पडत असेल तर तुम्ही वाटेची वाट लावताय, त्या चरातून पुढच्या पावसात पाणी वाहतं आणि ऑक्टोबरपर्यंत तिथे घळ तयार होते.

अजून एक, जूनच्या सुरुवातीचा वळवाचा पाऊस आणि ऑक्टोबरचा परतीचा, यांत विजा असतात. ढग गडगडायला लागले की टेकडीच्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका, लगेच खाली या, फोटो नंतर. आणि दाराशी वनखात्याच्या पाटीवर वेळ आणि नियम लिहिलेले असतात ते पाळा, टेकडी सगळ्यांची आहे.

प्रश्न : बारामतीजवळ राहतो. कालव्याच्या कडेने कच्चा रस्ता आहे, उन्हाळ्यात तिथे मस्त राइड होते. मागच्या रविवारी पाऊस उघडला म्हणून गेलो तर अर्ध्या किलोमीटरमध्ये दोन्ही चाकं जाम, फिरेचनात. जोर लावला तर मागचा गिअर वाकून स्पोकमध्ये गेला. चिखलाचे टायर घेऊ का? — एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : टायरवर पैसे घालू नका, त्या मातीवर ओल्यात चालेल असा टायर नाहीये. तुमच्याकडे काळी कसदार जमीन, कापसाची काळी माती म्हणतात ती, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं, त्याचे थर पाणी आत ओढून फुगतात. म्हणून ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून चिकटते. ओल्या काळ्या मातीत टायर एक फेरा फिरला की एक थर चिकटतो, दुसऱ्या फेऱ्याला त्याच्यावर दुसरा, आणि टायर आणि फ्रेममध्ये जागा असते बोटभर, ती भरली की चाक थांबलं. मग आपण जोर लावतो, चेन तो चिखल, गवत, काटक्या सगळं ओढत मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रात, नेते आणि डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती पट्टी, हँगर, वाकते. ती मुद्दाम मऊ अल्युमिनियमची करतात, फ्रेम मोडण्याआधी ती मोडावी म्हणून, त्यामुळे तुमची फ्रेम बहुधा वाचलीये. दुकानात जुना हँगर सोबत घेऊन जा, प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा असतो, नुसतं कंपनीचं नाव सांगून मिळत नाही. आणि मिळाला की दोन घ्या, एक सीटखालच्या बॅगेत ठेवा. नवीन हँगर बसवल्यावर डिरेलर सरळ आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या, नाहीतर मोठ्या गिअरला तो परत स्पोकमध्ये जाईल.

चाक जाम व्हायला लागलं की त्याच क्षणी पेडल थांबवायचं. उतरायचं, सायकल ढकलायची नाही, ढकलली तरी चाक चिखल गोळा करतंच, उचलायची. काठीने नाहीतर टायर लिव्हरने फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, आतला आणि मागच्या चाकाजवळचा गोळा काढायचा आणि कडेच्या गवतावरून चालत बाहेर यायचं. काहीजण निघण्याआधी फ्रेमच्या आतल्या बाजूला स्वयंपाकाचं तेल पुसतात म्हणजे चिखल कमी चिकटतो. हलक्या चिखलात थोडा फायदा होतो, काळ्या मातीत काही नाही, आणि तेल डिस्कवर किंवा रिमवर गेलं तर ब्रेक गेला, त्यामुळे मी ते सुचवत नाही.

मग कधी जायचं? शेजारच्या शेतकऱ्याला विचारा वाफसा आलाय का. कोळपणी-पेरणीला तो ज्या दिवशी रानात उतरेल त्या दिवशी तुमची सायकल पण चालेल, आणि तो थांबलाय तोवर तुम्हीही थांबा. ऊन आणि वारा असेल तर दोन-तीन दिवसांत, झाकोळ राहिला तर आठवडा पण जातो. तोवर मुरूम टाकलेले पाणंद रस्ते शोधा, गावोगावी असे रस्ते झालेत आणि ते पावसात चांगले चालतात. कालव्याच्या भरावाबद्दल वेगळं सांगतो, काठाची ओली माती वरून धड दिसते आणि खाली सुटलेली असते, पाणी सोडलेलं असताना कडेने अजिबात जाऊ नका, भरलेल्या कालव्यात पडलेला माणूस सरळ गुळगुळीत काठामुळे स्वतः बाहेर येऊ शकत नाही.

प्रश्न : ठाण्याला राहतो, येऊरला राइड करून आलो की सायकल बाइकच्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुऊन घेतो कारण सोसायटीत पाणी वापरू देत नाहीत. सायकल चकाचक होते पण आता पेडल मारताना कट-कट आवाज येतोय. काय झालं असेल? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बॉटम ब्रॅकेटमध्ये पाणी गेलंय, म्हणजे पेडलचे दोन्ही दांडे ज्याच्यात फिरतात ते बेअरिंग. मोटारसायकल धुवायच्या प्रेशरने बेअरिंगच्या रबरी सीलमधून पाणी आणि त्याच्यासोबत बारीक माती आत ढकलली जाते, ग्रीस धुतलं जातं, बाहेरून सगळं चकचकीत आणि आत गंज चालू. बॉटम ब्रॅकेट, दोन्ही चाकांचे हब, हँडलचा हेडसेट आणि पुढच्या सस्पेन्शनचे सील, या जागी कधीच प्रेशर मारू नका. तुमचं बहुतेक बेअरिंग बदलावं लागेल, आधी पेडलं घट्ट आहेत का ते मात्र बघा कारण पेडल सैल असलं तरी असाच आवाज येतो आणि लोक उगाच बेअरिंग बदलून बसतात.

एका बादलीत सायकल धुता येते, सोसायटीचा पाइप लागतच नाही. घरी आल्यावर चिखल ओला असतानाच धुवा, वाळू देऊ नका, वाळलेला चिखल घासला की रंगावर ओरखडे येतात. आधी तांब्याने वरून पाणी ओतून जाड चिखल सोडवायचा. मग भांडी घासायचं लिक्विड चमचाभर पाण्यात घालून मऊ ब्रशने फ्रेम, चाकं. चेन आणि गिअरच्या दात्यांसाठी वेगळा ब्रश ठेवा, तो ब्रश आणि चेनचं फडकं चुकूनही डिस्कला लागू देऊ नका, तेलकट बोट लागलं तरी पुढच्या राइडला ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही. डिस्क पुसायची तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, स्वच्छ कपड्यावर घेऊन. अनेक दुकानात चेन रॉकेलने नाहीतर डिझेलने धुतात, त्याने चेन साफ होते हे खरं आहे, पण ते हबमध्ये आणि डिस्कवर उडता कामा नये, म्हणून चेन काढून वेगळी धुतली तरच करा.

शेवटी चेन कोरड्या फडक्याने पुसा, वाऱ्यावर वाळू द्या, आणि प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब. पेडल उलटं फिरवून पाच मिनिटं थांबा आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. हे पुसणं लोक विसरतात. तेल कडीच्या आत हवं, बाहेर राहिलेलं तेल फक्त माती धरून ठेवतं आणि तीच माती चेन घासून खाते. पावसात जाडसर वेट ल्यूब वापरा, उन्हाळ्याचं ड्राय ल्यूब पहिल्या डबक्यात धुऊन जातं. निळ्या डब्यातला तो डब्ल्यूडी-४० स्प्रे पाणी हुसकायला ठीक आहे, वंगण म्हणून त्याच्यावर राहू नका, त्याच्यानंतर तेल घालायलाच लागतं.

प्रश्न : चेन बदलायची वेळ झाली हे घरी कसं ओळखू? दुकानदार दरवेळी बदला म्हणतो. — एक वाचक, पिंपरी

उत्तर : शाळेतली स्टीलची पट्टी घ्या, इंचवाली. नवीन चेनची एक पीन धरून तिच्या पुढच्या २४ पिना मोजल्या, म्हणजे जोडीच्या १२ कड्या, तर बरोबर १२ इंच भरतात. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि १२ इंचावर बघा. पीन रेषेपासून एक सोळांश इंच पुढे सरकली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश इंच सरकली असेल तर उशीर झालाय, मागची दातेरी चाकंही झिजली असणार आणि नवीन चेन त्यांच्यावर उड्या मारेल, दोन्ही बदलावं लागेल. चिखलात चालवणाऱ्याची चेन डांबरी रस्त्यावाल्यापेक्षा कितीतरी लवकर जाते, तेव्हा पावसाळ्यात दर महिन्याला मोजा. पट्टी असताना दुकानदाराशी वाद घालायचं कारण उरत नाही.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, रविवारी मित्रांबरोबर सायकल घेऊन शेतांच्या आणि नदीकाठच्या वाटांनी फिरतो आणि डोक्यापासून पायापर्यंत लाल चिखलाने माखून येतो. त्याला बंदी घालावी असं वाटत नाही, पण आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टोच्या बातम्या असतात आणि त्याचे गुडघे कायम फुटलेले. किती काळजी करावी? — एक आई, चिपळूण

उत्तर : बंदी घालू नका हे तुम्ही स्वतःच लिहिलंत याचा आनंद वाटला. काळजी मात्र योग्य आहे, आणि चिपळूणसारख्या ठिकाणी ती जरा जास्तच घ्यायला हवी.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात आणि ओल्या मातीत येतात आणि माणसाच्या कापलेल्या, खरचटलेल्या कातडीतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या ओल्या त्वचेतून आत जातात. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात काम करणाऱ्यांना जो धोका असतो तोच सायकलवाल्याला, फक्त त्याच्या तोंडावर चाकाने चिखल उडतो हे वाढीव. म्हणून पहिलं काम, पुढच्या चाकाला मडगार्ड. प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो, फोर्कला बांधायचा, स्वस्त मिळतो, तोंडावर येणारं बरंच थांबतं. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा. जखम असेल तर निघण्याआधी वॉटरप्रूफ पट्टी, आणि जखम ताजी आणि मोठी असेल तर त्या रविवारी डांबरी रस्त्याने जाऊ दे.

दुसरं पाण्याची बाटली, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ती फ्रेमवर अशा जागी असते की सगळा चिखल तिच्या तोंडावर उडतो आणि पोरं तेच तोंडाला लावतात. २००८ साली वेल्समध्ये बिल्थ वेल्स इथे माउंटन बाइकची एक मोठी स्पर्धा झाली, पावसात, मेंढ्या चरतात त्या कुरणांतून, आणि नंतर कितीतरी स्पर्धक जुलाब-तापाने आजारी पडले, कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग निघाला आणि तपासात संशय गेला तो तोंडात गेलेल्या चिखलावर. आपल्या वाटांवर मेंढ्या नसतील तर गुरं आहेत, शेण तेच. बाटली पाठीच्या बॅगेत ठेवायला सांगा किंवा झाकणवाली घ्या, आणि खाण्याआधी हात साबणाने, निदान सोबतच्या स्वच्छ पाण्याने तरी.

घरी आला की सायकल नंतर, आधी आंघोळ. फुटलेले गुडघे साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुवायचे, आतली माती निघेपर्यंत, मग अँटिसेप्टिक. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघून ठेवा. ओली चड्डी आणि मोजे अंगावर वाळू देऊ नका, कोकणच्या हवेत आठवडाभरात जांघेत गजकर्ण होतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा. चिखलात गेल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत, कधी महिन्याभरातही, एकदम जोराचा ताप, डोकेदुखी, अंग आणि विशेषतः पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर दोन दिवस घरचं औषध करत थांबू नका. डॉक्टरांकडे न्या आणि सांगा की मुलगा चिखलात सायकल चालवतो. हे आपणहून सांगायलाच हवं, कारण सुरुवातीला लेप्टो आणि साधा फ्लू सारखेच दिसतात. लवकर औषध सुरू झालं तर बरा होतो, उशीर झाला तर यकृत आणि किडनीवर जातं. प्रतिबंधाच्या गोळ्या असतात पण त्या द्यायच्या का ते डॉक्टर ठरवतील, मेडिकलमधून आणून देऊ नका.

एक नियम मात्र मुलाकडून कबूल करून घ्या, पाणी वाहत असलेला ओढा किंवा साकव सायकलने ओलांडायचा नाही, कितीही ओळखीचा असला तरी. गढूळ पाण्याखाली काल असलेला दगड आज नसतो. परत फिरायचं आणि घरी उशीर होईल असा फोन करायचा, आणि त्या फोनवर त्याला ओरडू नका.

प्रश्न : टायरमध्ये हवा किती? वजन ६८ किलो, टायर २.२ इंची, ट्यूबवाले. पांडवलेणीच्या बाजूला चालवतो. — एक वाचक, नाशिक

उत्तर : कोरड्यात तुम्ही ३२ पीएसआयच्या आसपास ठेवत असाल तर ओल्यात मागे २७-२८ आणि पुढे २५-२६ करून बघा. त्याच्या खाली ट्यूबवाल्याने जाऊ नये, दगडाच्या धारेवर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असते तर अजून तीन-चार कमी चाललं असतं. आणि पंपाचा काटा खालच्या आकड्यांना नीट दाखवत नाही, वेगळा गेज घ्या.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा आहे, तळजाईवर रोज सकाळी चालायला जातो. शनिवार-रविवार सायकलवाली मुलं येतात. तक्रार अशी की पावसात डबकं आलं की ती कडेने गवतावरून जातात आणि पायवाट जी दोन माणसांपुरती होती ती आता बैलगाडी जाईल इतकी रुंद झालीये. मागून आवाज न देता येतात हे वेगळंच. तुमच्या सदरात हे पण छापा. — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : छापतोय, आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. सायकलवाल्यांना इथेच सांगतो, डबकं आलं तर त्याच्या मधून जा. बूट ओले होतील, होऊ देत. कडेने गेलात की कडेचं गवत मरतं, गवताची मुळं माती धरून असतात ती सुटते, मग तिथेही चिखल होतो आणि पुढचा माणूस त्याच्याही कडेने जातो, अशी वाट दरवर्षी फुटभर सरकते. टेकडीवरची माती आधीच वीतभर, ती एकदा धुपली की खाली उघडा दगड आणि तिथे आपल्या आयुष्यात परत गवत येणार नाही. डबकं किती खोल आहे याची खात्री नसेल तर उतरा आणि मधून चालत जा, पण मधूनच. आणि वाट एवढी खराब आहे की मधून जाताच येत नाही तर त्या दिवशी तिथे जायला नको होतं.

चालणाऱ्याचा हक्क पहिला, यात चर्चा नाही. मागून येताना लांबूनच घंटी, आणि नुसती घंटी वाजवून भसकन जायचं नाही, वेग चालण्याइतका करायचा, ‘काका, उजवीकडून येतोय’ म्हणायचं. सकाळी सहा ते आठ टेकडीवर सगळ्यात जास्त लोक असतात, ज्यांना वेगात उतरायचंय त्यांनी ती वेळ सोडा. तुम्हाला पण एक विनंती, अशी मुलं दिसली तर थांबवून हे डबक्याचं सांगा, ओरडून नको, कारण खरंच बहुतेकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं गवतावरून गेलं तर वाट खराब होत नाही.

प्रश्न : पुण्याहून शेफील्डला आलोय, ऑफिसमधले लोक शनिवारी पीक डिस्ट्रिक्टला सायकल घेऊन जातात, मी पण जायला लागलो. इथे नोव्हेंबरपासून चिखल जो सुरू होतो तो संपतच नाही. आपल्याकडचा अनुभव इथे कामाला येईल का? — एक वाचक, शेफील्ड

उत्तर : येईल की, मातीचं गणित तेच आहे. तुमच्याकडे जिथे ग्रिटस्टोन म्हणजे जाड वाळूचा दगड आहे तिथल्या वाटा पाणी लवकर सोडतात, आपल्या मुरमासारखं समजा, आणि वर पठारावर पीट आहे, काळी मऊ कुजकी माती, ती भिजली की तिच्यावर जाऊच नका, ती तयार व्हायला हजारो वर्षं लागलीयेत. फरक एवढाच की आपल्याकडे पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडलं की जमीन वाळते, तिकडे हिवाळ्यात सूर्य खाली आणि दिवस लहान, पाऊस थोडा पडला तरी वाळायला वेळच मिळत नाही. म्हणून तिथे दिवस बघण्यापेक्षा वाट निवडा, हिवाळाभर दगडी वाटा आणि मऊ वाटा उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. पुण्यात आपण कुठल्याही पायवाटेवर सायकल घालतो, तिथे फुटपाथ म्हणून नोंदलेल्या वाटेवर सायकलला हक्क नाही, ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठीही नोंदलेल्या वाटेवर, आहे, १९६८ च्या कायद्यापासून, आणि तिथेही चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचं. नकाशात दोन्हीच्या खुणा वेगळ्या असतात, बघून निघा. डिस्क ब्रेक असतील तर पॅड सोबत ठेवा, तिथल्या वाळूमिश्रित चिखलात रेझिनचे पॅड एका लांब राइडमध्ये संपू शकतात, मेटलचे जास्त टिकतात पण तुमच्या डिस्कवर ‘फक्त रेझिन’ असं लिहिलं नाहीये ना ते आधी वाचा.

प्रश्न : काका, मी सातवीत आहे. माझी सायकल साधी आहे, गिअर नाही. मित्रांकडे गिअरच्या आहेत. रविवारी सगळे अजिंक्यताऱ्याला जातात. पावसात माझी सायकल चालेल का? बाबा म्हणतात पुढच्या वर्षी नवीन घेऊ. — सातारा

उत्तर : चालेल रे. चिखलात तर बिनगिअरच्या सायकलचा फायदाच असतो, मागे डिरेलर नाही त्यामुळे अडकायला आणि वाकायला काही नाही, मित्र गिअर साफ करत बसतील तोवर तू आंघोळ करून जेवायला बसलेला असशील. चढावर दम लागला तर उतरून ढकल, मोठी माणसं पण ढकलतात. वर जाण्याची मला काळजी नाही, खाली येण्याची आहे, म्हणून जायच्या आधी एक तपासणी कर.

तुझ्या सायकलचे ब्रेक रिमवर लागणारे असणार, रबराच्या गुटक्या चाकाच्या कडेला घासतात तसे. आता एक लोहचुंबक घे आणि रिमला लावून बघ. चिकटला तर रिम लोखंडाची आहे, आणि लोखंडाची क्रोम केलेली रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही, कोरड्यात कितीही छान लागत असला तरी. अशी रिम असेल तर पावसात किल्ल्याच्या उतारावर सायकलवर बसून यायचं नाही, हातात धरून चालत यायचं, आणि मित्रांना पण थांबायला सांग. चिकटला नाही तर अल्युमिनियम आहे, मग ओल्यातही ब्रेक लागतो पण उशिरा, म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच ब्रेक हलका दाबून ठेव, दोन-तीन फेऱ्यांत रिमवरचं पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते. दोन्ही ब्रेक एकदम वापर, एकटा पुढचा जोरात दाबू नको. सीट जरा खाली कर म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. ब्रेकच्या गुटक्यांवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर बाबांना सांगून त्या आधी बदलून घे, त्याला फार पैसे लागत नाहीत आणि त्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं नाही. हेल्मेट घालून जा.

चुंबक लावून बघ आणि काय निघालं ते कळव. अल्युमिनियम निघालं तर गुटक्या कुठल्या घ्यायच्या ते पुढच्या अंकात सांगतो.